एडमंटनचं दार, निर्मळचा राउटर

जानेवारीतली सकाळ. निर्मळमधल्या एका बैठ्या घराच्या ओटीवर साडेसातला फोन वाजतो, तेव्हा कॅनडातल्या एडमंटनला आदल्या दिवशीच्या संध्याकाळचे सात वाजलेले असतात. इथे आई अंगावर शाल घेऊन बसलेली, तिथे मुलगा नुकता कामावरून आलेला. पहिला प्रश्न ठरलेला : "आज किती?" त्या दिवशी उत्तर होतं उणे एकतीस. "इथंही गार आहे हो," आई म्हणाल्या, "खोबरेल थिजलं बाटलीत." मग मुलगा म्हणाला, "दाराची बेल पुन्हा बंद पडलीय."

संपादकांनी या अंकासाठी ‘हिवाळ्यातलं घर’ हा विषय दिला, तेव्हा मला वसईतली अशीच घरं डोळ्यांपुढे आली. एका घराचे दोन तुकडे. एक निर्मळ, वाघोली, भुईगावात, दुसरा कॅनडात, आखातात किंवा ऑस्ट्रेलियात. वसईच्या ख्रिस्ती कुटुंबांतली एक पिढी शिकून बाहेर गेली आणि मागे आईवडील, वाडी आणि बावखल, म्हणजे वाडीतलं तळं, राहिलं. या दोन तुकड्यांना आज फोनइतकीच आणखी एक गोष्ट जोडून ठेवते. दारावरची कॅमेऱ्याची बेल, फोनवरून उघडणारं कुलूप, घराचं तापमान कळवणारा सेन्सर, ओटीवरचा कॅमेरा. मुलगा एडमंटनहून निर्मळचं फाटक बघतो आणि आई निर्मळहून नातीला शाळेतून येऊन घरात शिरताना बघतात. ही यंत्रणा हिवाळ्यात नेमकी कुठे दगा देते, हे मला बघायचं होतं. म्हणून मी कार्तिक वद्य एकादशीच्या यात्रेच्या सुमारास निर्मळला गेले आणि नंतर नाताळ उरकल्यावर पुन्हा गेले. एडमंटनचं घर पाहिलं ते आईंच्या फोनमधून, मुलगा कॅमेरा फिरवत एकेक वस्तू दाखवत असताना.

थिजलेलं खोबरेल

आईंनी बोलता बोलता खोबरेलाचं सांगितलं, आणि बॅटरीचं दुखणं समजायला त्याहून सोपं काही सापडायचं नाही. तेल बाटलीत तितकंच असतं, कमी झालेलं नसतं, पण उलटं केलं तरी बाहेर येत नाही. बॅटरीतली वीजही थंडीत अशीच अडकते. लिथियम-आयन बॅटरीत लिथियमचे आयन एका ध्रुवाकडून दुसऱ्याकडे एका द्रवातून जातात. पारा उतरला की तो द्रव दाट होतो, आयन रेंगाळतात, आतला रोध वाढतो. बेल नुसती लटकलेली असते तोवर काही कळत नाही. कुणी दारासमोर आलं की एकाच क्षणी कॅमेरा, रात्रीचे अवरक्त दिवे आणि वायफाय असं सगळं जागं होतं आणि बॅटरीकडे एकदम जोराची मागणी होते. त्या धक्क्याला व्होल्टेज कोसळतं, यंत्राला वाटतं बॅटरी संपली, आणि ते बंद होतं. मुलगा तीच बॅटरी घरात आणून तासाभराने बघतो, तर तिच्यात निम्म्याहून जास्त चार्ज शिल्लक.

इथवर नुसती गैरसोय आहे. खरं नुकसान चार्जिंगमध्ये होतं, आणि ते फार थोड्यांना ठाऊक असतं. शून्य अंशाखाली लिथियम-आयन बॅटरीत वीज भरू लागलात तर लिथियम ग्रॅफाइटच्या थरांत शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातू म्हणून जमतं. ते नुकसान कायमचं. बॅटरीची क्षमता घटते आणि पुढे आत शॉर्टसर्किट व्हायची भीतीही राहते. म्हणून चांगल्या यंत्रातलं सर्किट शून्याच्या आसपास चार्जिंग थांबवतं. एडमंटनच्या या घरात बेलवर छोटं सौर पॅनेल लावलेलं होतं. ऊन स्वच्छ पडत होतं, पॅनेल वीज बनवत होतं, आणि बॅटरी ती घेत नव्हती. मुलाने पॅनेल बिघडलं असं समजून नवं मागवलं. नवंही तसंच वागलं. यंत्र स्वतःला वाचवत होतं, पण ते सांगायची सोय त्या अ‍ॅपमध्ये नव्हती. मला हा त्या वस्तूच्या रचनेतलाच दोष वाटतो. ‘थंडीमुळे चार्जिंग थांबवलं आहे’ एवढं एक वाक्य पडद्यावर आलं असतं तर पैसे आणि मनस्ताप दोन्ही वाचले असते.

त्यावर तो आता काय करतो? बॅटऱ्या दोन ठेवल्या आहेत. एक बेलमध्ये, एक स्वयंपाकघरात. बाहेरची उतरली की आत आणतो, खोलीच्या तापमानाला येऊ देतो आणि मगच चार्जरला लावतो. गार वस्तू उबदार घरात आणली की तिच्यावर पाणी धरतं, म्हणून आधी पुसून कोरडी होऊ देतो. कॅमेऱ्याच्या नजरेतून रस्ता काढून टाकला आहे, नाहीतर दर गाडीला बेल जागी होते. शेजारच्या घराच्या कपडे वाळवण्याच्या यंत्राची गरम वाफ भिंतीतून बाहेर पडते, तिलाही बेल माणूस समजायची. हालचाल ओळखणारा सेन्सर खरं तर उष्णतेतला फरक ओळखतो, आणि उणे तीसच्या अंगणात वाफेचा लोट भोवतालाहून कितीतरी गरम असतो. उलट जाड कोट-टोपीत गुंडाळलेला कुरियरवाला त्याला कधी कधी दिसतच नाही. कोटाचं बाहेरचं अंग अंगणाइतकंच गार झालेलं असतं.

कायमचा उपाय तारेचा. जुन्या घंटीची तार भिंतीत असतेच, तिला योग्य ट्रान्सफॉर्मर लावून बेल थेट विजेवर घ्यायची. त्यातही मेख आहे. काही बेलांमध्ये तारेतून येणारी वीज फक्त आतली बॅटरी भरत राहते आणि यंत्र चालतं बॅटरीवरच. अशी बेल तार असूनही थंडीत मरते. बॅटरी अजिबात नसलेली, सरळ तारेवरची घ्यावी लागते. विकत घेताना हा फरक खोक्यावर शोधावा लागतो, विक्रेता आपणहून सांगेलच असं नाही.

कडी अडते तिथे

कुलपाचं प्रकरण वेगळं निघालं. फोनवरून उघडणाऱ्या कुलपाच्या बॅटऱ्या दाराच्या आतल्या अंगाला असतात, तिथे घराची ऊब असते. तरी डिसेंबरात दर काही आठवड्यांनी बॅटऱ्या संपत होत्या. कारण सापडलं लाकडात. कॅनडातला हिवाळा फक्त गार नसतो, कोरडाही असतो. घरात सतत हीटिंग चालू असल्याने हवा आणखी कोरडी होते. लाकूड आकसतं, दार किंचित खाली बसतं, आणि कडीचा दांडा चौकटीतल्या भोकाच्या कडेला घासू लागतो. हाताने कुलूप लावताना आपण नकळत दार थोडं ओढून धरतो. मोटरला ते जमत नाही. ती जोर करत राहते आणि बॅटरी खाते.

मुलाने चौकटीतली पट्टी उतरवली, भोक कानशीने थोडं वाढवलं. दार न ओढता एका बोटाने कडी फिरली पाहिजे, ही त्याची कसोटी. त्यानंतर बॅटऱ्या हिवाळाभर पुरल्या. साध्या अल्कलाइन बॅटऱ्यांतही पाण्यात विरघळलेलं रसायन असतं, त्यामुळे गारठ्यात त्या लवकर हार मानतात. बाहेरच्या सेन्सरांमध्ये त्याने एकदाच वापरायच्या लिथियम पेशी घातल्या आहेत, ज्या उणे चाळीसपर्यंत चालतात. कुलपात मात्र त्या घातल्या नाहीत, कारण कुलपाच्या माहितीपत्रकातच मनाई आहे. या पेशींचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास सारखं राहतं आणि मग झटकन पडतं. कुलूप ‘भरपूर आहे’ सांगत राहतं आणि एका रात्री दार उघडत नाही. उणे तीसमध्ये दाराबाहेर उभं राहणं म्हणजे काय, हे निर्मळच्या ओटीवर बसून कळायचं नाही. काही मिनिटांत बोटं बधिर होतात, फोनची बॅटरीही मान टाकते, आणि हातमोजे काढल्याशिवाय पडद्यावर काही उमटत नाही.

म्हणून साधी किल्ली. ती गल्लीतल्या एका पंजाबी कुटुंबाकडे ठेवलेली आहे. आईंना हे कळलं तेव्हा त्यांना फार बरं वाटलं. त्यांच्या घराची किल्लीही वर्षानुवर्षं शेजारच्या काकींकडे असते.

गॅस जळतो, पण पंखा विजेवर

बेल आणि कुलूप बंद पडणं त्रासाचं. घर तापवणारी यंत्रणा बंद पडणं ही वेगळीच गोष्ट आहे, आणि माझ्या मते सगळी काळजी तिथे एकवटायला हवी. एडमंटनसारख्या ठिकाणी घर गॅसच्या भट्टीवर तापतं. मात्र तिची गरम हवा खोल्यांत ढकलणारा पंखा विजेवर आणि तिला हुकूम देणारा थर्मोस्टॅटही विजेवर. घर थंड पडलं तर नळांतलं पाणी गोठतं, गोठताना फुगतं, नळ फुटतात. बर्फ वितळला की भिंतींतून पाणी वाहतं. कुटुंब नाताळात निर्मळला आलेलं असताना असं झालं, तर परत जाऊन बघायचं काय? तिथल्या घराच्या विम्यातही हिवाळ्यात घर रिकामं ठेवताना कुणीतरी येऊन बघावं अशी अट सहसा असते.

फोनवरून चालणारे थर्मोस्टॅट बऱ्याचदा हीटिंगच्याच बारीक तारांतून वीज चोरून घेतात आणि आतली छोटी बॅटरी भरत ठेवतात. एक जादा तार, जिला तिकडे ‘सी वायर’ म्हणतात, जोडलेली असेल तर पुरवठा सलग राहतो. नसेल तर ऐन थंडीत बॅटरी उतरायचा धोका राहतो. दोष यंत्राबाहेरूनही येतो. डिसेंबर २०१५ मध्ये नेस्ट कंपनीने आपल्या थर्मोस्टॅटना पाठवलेल्या अपडेटमध्ये चूक होती. जानेवारी २०१६ मध्ये अमेरिकेतल्या अनेक घरांत बॅटऱ्या उतरल्या आणि लोक थंडगार घरात जागे झाले. त्यांनी काहीही केलेलं नव्हतं. नोव्हेंबर २०१६ मध्ये फिनलंडमधल्या लापीनरांता शहरात दोन इमारतींच्या हीटिंगच्या नियंत्रकांवर इंटरनेटवरून खोट्या मागण्यांचा मारा झाला. नियंत्रक पुन्हा पुन्हा बंद होऊन सुरू होत राहिले आणि इमारती गार पडल्या. जानेवारी २०२४ मध्ये युक्रेनच्या ल्विव्ह शहरात तर हीटिंगच्या नियंत्रकांमध्ये घुसखोरी झाली आणि सहाशेहून जास्त इमारती सुमारे दोन दिवस उबेविना राहिल्या. युद्धातलं शहर, गोठवणारी रात्र, आणि हल्ला रेडिएटरवर.

त्याच जानेवारीत, १३ तारखेला, एडमंटनचा अल्बर्टा प्रांत उणे चाळिशीच्या लाटेत होता आणि विजेचा साठा संपत आला. संध्याकाळी सरकारने प्रत्येक फोनवर आणीबाणीचा इशारा पाठवला : नको असलेले दिवे घालवा, गाडीचं चार्जिंग थांबवा. काही मिनिटांत मागणी सुमारे दीडशे मेगावॉटनी उतरली आणि वीज तोडायची वेळ आली नाही. त्या रात्रीची हकिगत मुलाने आईंना अनेकदा सांगितलेली आहे. तिकडे गोठू नये म्हणून गाडीचं इंजिनही रात्री विजेच्या प्लगला जोडून ठेवतात. तो प्लग फोनवरून चालणारा होता, म्हणून घरातून पाय न काढता त्याने तो बंद केला. लाखो लोकांनी एकाच वेळी खटका दाबला आणि प्रांत तरला. त्या साध्या, न दिसणाऱ्या सहकार्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

आता त्याच्या घरी थर्मोस्टॅटला जादा तार आहे. तळघरात पाण्याच्या नळाजवळ वेगळ्या बनावटीचा तापमान-सेन्सर आहे, जो ठरलेल्या अंशाखाली गेलं की त्याला आणि शेजाऱ्याला, दोघांनाही कळवतो. एकाच कंपनीची सगळी यंत्रं एकदम मुकी होऊ नयेत म्हणून ही खबरदारी. राउटरला छोटा बॅकअप आहे. अपडेट ऑक्टोबर संपायच्या आत करून घ्यायचे, नंतर जमेल तितके पुढे ढकलायचे. आणि निर्मळला यायचं असेल तर पाण्याचा मुख्य नळ बंद करून नळांतलं पाणी सोडून द्यायचं. हे शेवटचं काम कुठलंही यंत्र त्याच्यासाठी करत नाही.

मीठ, दव आणि कोळी

निर्मळमध्ये थंडीने यंत्र बंद पडत नाही. सांताक्रूझ वेधशाळेतला आजवरचा नीचांकसुद्धा ७.४ अंश, तोही २२ जानेवारी १९६२ चा. समुद्र इतका जवळ असताना पारा फार उतरत नाही आणि बाजारातला कुठलाही कॅमेरा शून्यापर्यंत आरामात चालतो. तरी इथला वायरमन मला म्हणाला, "आमचा सीझन पाऊस संपल्यावर सुरू होतो." पावसात जे मुरलेलं असतं ते हिवाळ्यात वर येतं.

त्याने कॅमेऱ्याच्या तारेचा जोड उघडून दाखवला. तांब्यावर हिरवट थर, पिन काळ्या. खारं वारं मीठ आणून बसवतं, मीठ हवेतली ओल शोषतं, आणि त्या ओलीतून सतत एकाच दिशेने वीज वाहत असेल तर धातू झपाट्याने झिजतो. जोड उघड्यावर टेपने गुंडाळलेला असेल तर टेपच्या आत पाणी कोंडतं. टेप नसती तर कदाचित वाळलं असतं. तो आता जोड डबीत घालतो, डबीत तार खालून नेतो, आणि आत शिरण्याआधी तारेला खाली झोल देतो, म्हणजे पाणी तारेवरून ओघळत झोलाच्या तळाशी गळून पडतं. पिनांना सिलिकॉन ग्रीस. डबीची सगळी भोकं बुजवतो, कारण पाल आत शिरली की सर्किटवर जळून मरते आणि यंत्रही घेऊन जाते.

दुसरं दव. डिसेंबर-जानेवारीत पहाटे वाड्यांवर धुकं उतरतं, केळीची पानं टपटपतात. कॅमेऱ्याच्या काचेवर दवाचा पापुद्रा बसतो आणि त्याच्याच अवरक्त दिव्यांचा उजेड त्यावरून परत फिरतो. चित्र पांढरं होतं. दिव्यांच्या उबेला कीटक येतात, कीटकांमागे कोळी येतो, आणि भिंगासमोर जाळं विणतो. रात्री वाऱ्याने जाळं हललं की एडमंटनला मुलाच्या फोनवर ‘अंगणात हालचाल’ असा निरोप जातो. भर कामाच्या वेळेत, कारण इथली रात्र ही तिथली दुपार. घाबरून तो फोन करतो, आई झोपेतून उठतात, दार उघडून बघतात. अपरात्री दार उघडायला लावणारी सुरक्षा काय कामाची? वायरमनने कॅमेऱ्यातले दिवे बंद केले आणि अवरक्त दिवा चार हात दूर वेगळा लावला. कोळी आता तिकडे जाळं विणतो. दर पंधरवड्याला शेजारचा मुलगा कुंचल्याने काच झाडतो.

आणि लाइट. नाताळच्या दिवसांत घरोघरी तारे, कंदील, ख्रिस्तजन्माचे गोठे लागतात, संध्याकाळी व्होल्टेज खालीवर होतं. तौक्ते चक्रीवादळानंतर, मे २०२१ मध्ये, वसईच्या बऱ्याच भागांत कित्येक दिवस वीज नव्हती. तेव्हापासून बहुतेक घरांत इन्व्हर्टर आला. पण मी पाहिलेल्या घरांत दिवे-पंखे इन्व्हर्टरवर आणि राउटर मात्र साध्या सॉकेटवर, असं सर्रास दिसलं. लाइट गेली की घर उजळलेलं, आणि परदेशातल्या मुलाला दिसतं की घर बेपत्ता. तो हवालदिल होतो. एक सॉकेट इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यायला वायरमनला अर्धा तास पुरतो. परदेशातून महागडा कॅमेरा पाठवण्याआधी हे काम करून घ्यावं, असं मी प्रत्येकाला सांगेन.

मोटर आणि मिस्ड कॉल

या घरातलं सर्वांत भरवशाचं यंत्र कुणी ‘स्मार्ट’ म्हणून दाखवलंच नाही. वाडीतल्या बावखलावर मोटर आहे, तिला मोबाईल स्टार्टर. बाबा ओटीवरून फोन लावतात, तिकडे रिंग जाते, मोटर सुरू होते. पाणी आटलं की स्टार्टर मोटर थांबवतो, फेज गेला तरी थांबवतो, लाइट परत आली की थोडा वेळ थांबून आपोआप सुरू करतो. वायफाय लागत नाही, अ‍ॅप लागत नाही, दूरदेशीच्या सर्व्हरची परवानगी लागत नाही. सिम, एक रिले आणि शेडमध्ये लोखंडी पेटी. सिमला रेंज नसेल तर बाबा चालत जाऊन हिरवं बटण दाबतात आणि मोटर तशीही चालते.

मला इथे फार महत्त्वाचं काही दिसलं. बटण जागेवर ठेवलेलं आहे. एडमंटनच्या घरातली जी यंत्रं टिकली त्यांचंही तेच : कुलपाला किल्ली, थर्मोस्टॅटला भिंतीवर हाताने फिरवायची सोय. जी रुसली ती फोनशिवाय काही ऐकतच नव्हती.

स्वयंपाकघरातला कॅमेरा

मुलाला आईंच्या स्वयंपाकघरात कॅमेरा हवा होता. गेल्या थंडीत त्या पहाटे पाणी तापवताना घसरल्या, बाबांना तासभर कळलं नाही. त्याची भीती खरी आहे. आईंनी नाही म्हटलं. "मी काय करते ते सुनेने बसून बघावं का?" असं त्या मला म्हणाल्या, रागाने नाही, पण ठाम. बाबा गप्प बसले.

मधला मार्ग वायरमनने सुचवला. स्वयंपाकघराच्या दारावर चुंबकाचा साधा सेन्सर. दार सकाळी सातपर्यंत उघडलं नाही, तर आधी शेजारच्या काकींच्या फोनवर निरोप जातो, मग मुलाच्या. कॅमेरा ओटीवरच राहिला, तोंड फाटकाकडे. सेन्सरची बॅटरी कधी बदलायची ते काकींनी त्यांच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं आहे, कारण त्यांच्याकडे त्या दिवशी इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणीही घालतात. पासवर्ड, वायरमनचा नंबर आणि कुठला खटका कशाचा, हे एका कागदावर कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलं. मुलाने त्या कागदाचा फोटो मागवला आणि स्वतःच्या तळघरात तसाच एक लावला, इंग्रजीत, पंजाबी शेजाऱ्यांसाठी.

मी निघाले तेव्हा आई त्याला फोनवर विचारत होत्या, की काकींच्या घरचा राउटरही इन्व्हर्टरवर घ्यायला हवा ना, नाहीतर निरोप पोचणार कुणाला. तो म्हणाला, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, वायरमनला उद्याच बोलव.